मनगटाचे लिगामेंट फाटल्यावर: उघडी शस्त्रक्रिया की दुर्बिणीची, हे ठरवण्याचा क्रम

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात मनगटाचे रुग्ण येतात ते बहुधा ऑपरेशन झाल्यावर, नाहीतर ऑपरेशनची तारीख घेऊन. तारीख घेतलेल्यांना मी आधी विचारते, "नेमके कोणते लिगामेंट फाटले आहे?" आणि बरेच जण गप्प होतात. दुर्बिणीतून होणार की चिरा देऊन, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक असते. किती टाके पडतील, व्रण दिसेल का, घरी कधी सोडतील, हेही विचारून झालेले असते. पद्धत खरे तर सर्वांत शेवटी ठरते आणि ती चार गोष्टींवरून ठरते: दुखापतीला किती दिवस झाले, कोणते लिगामेंट गेले, ते किती फाटले आणि सरकलेली हाडे अजून जागेवर बसतात का. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. निर्णय तुमच्या सर्जनचाच राहील, पण त्यांच्यासमोर बसताना तुमच्या हाती काय असावे हे यातून कळेल.

टप्पा १: पडल्याची तारीख लिहून ठेवा आणि चोळणे थांबवा

घोडबंदर रोडवर खड्ड्यात दुचाकी घसरते, गोविंदा थरावरून खाली येतो, पावसात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय सटकतो. पडणारा माणूस तळहात पुढे टेकतो, मनगट मागे वाकते आणि अंगाचा सगळा भार मनगटातल्या आठ लहान हाडांवर व त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या लिगामेंटवर येतो. एक्स-रेत हाड मोडलेले दिसत नाही, "मुरगळले आहे" असे ठरते, मग तेल, लेप, गरम पाण्याचा शेक आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून हाडवैद्याकडे मनगट "बसवून घेणे" यात महिना सहज जातो. आमच्याकडे दिसणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत महागात पडणारी आहे. ताज्या फाटलेल्या लिगामेंटची टोके पुन्हा हाडाला शिवता येतात. साधारण सहा आठवड्यांनंतर ती आखडतात, मधे व्रणाची ऊती भरते आणि शिवण्यासारखे फारसे काही उरत नाही. तिथून पुढे गोष्ट दुरुस्तीकडून पुनर्रचनेकडे, म्हणजे नवे बंधन तयार करण्याकडे जाते.

पहिले दोन दिवस मनगटाला आधार देणारी पट्टी किंवा स्लॅब (एका बाजूचे अर्धे प्लास्टर), फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, हात छातीच्या वर उचललेला, आणि अंगठ्या, बांगड्या, कडे लगेच काढलेले, एवढे पुरे असते.

सावधान: अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले असेल, मनगट वाकडे दिसत असेल, बोटे पांढरी किंवा निळी पडली असतील, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मनगटातली हाडे निखळून मज्जातंतू दाबला गेल्याची ही खूण असू शकते आणि पहिल्या एक्स-रेत हा प्रकार नजरेतून निसटतो. अशा वेळी हाडे आधी तातडीने बसवतात आणि पुढची दुरुस्ती सहसा चिरा देऊनच होते.

टप्पा २: दुखरी जागा एका बोटाने दाखवायला शिका

"सगळे मनगट दुखते" या उत्तराचा डॉक्टरांना काहीच उपयोग होत नाही. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने सर्वांत दुखरा बिंदू शोधा.

बिंदू मनगटाच्या पालथ्या बाजूला मधोमध, अंगठ्याकडे किंचित झुकलेला असेल, जमिनीवर तळहात टेकून उठताना तिथे कळ येत असेल आणि अधूनमधून "कट" असा आवाज होत असेल, तर संशय स्कॅफॉईड व ल्युनेट या दोन हाडांमधल्या लिगामेंटवर जातो. याला स्कॅफोल्युनेट लिगामेंट म्हणतात. बिंदू करंगळीच्या बाजूला, अल्ना या कोपराखालच्या हाडाच्या टोकापुढच्या खळग्यात असेल आणि ओला टॉवेल पिळताना, दाराचा नॉब फिरवताना किंवा भरलेला कुकर ओट्यावरून उचलताना दुखत असेल, तर टीएफसीसीचा विचार होतो. टीएफसीसी म्हणजे रेडियस (अंगठ्याकडचे) आणि अल्ना (करंगळीकडचे) ही कोपराखालची दोन लांब हाडे खालच्या टोकाशी एकत्र धरून ठेवणारा कूर्चा व लिगामेंटचा त्रिकोणी पट्टा. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर खोलगट दिसणाऱ्या जागी दुखत असेल तर स्कॅफॉईडचे फ्रॅक्चर आधी नाकारले पाहिजे. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते दिसले नाही तरी दहा ते चौदा दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढतात, तोवर हात स्लॅबमध्येच ठेवतात.

पडताळणी: एका कागदावर चार ओळी असाव्यात. पडल्याची तारीख, कसे पडलात, दुखरा बिंदू आणि कोणते रोजचे काम जमत नाही. दुचाकी चालवणाऱ्याने क्लच दाबता येतो का हेही लिहावे, कारण डाव्या हाताच्या दुखापतीत ते सर्जनला फार बोलके वाटते.

टप्पा ३: तपासण्या योग्य क्रमाने करा

थेट एमआरआय काढून येणारे रुग्ण वाढले आहेत. एमआरआय पडून राहिलेल्या, सैल हाताचा असतो आणि मनगटातली काही लिगामेंट फाटल्यावर हाडे फक्त जोर लावल्यावरच फाकतात. म्हणून आधी एक्स-रे, आणि तोही नीट काढलेला.

साधे समोरून व बाजूने काढलेले एक्स-रे हवेतच, पण त्यांच्यासोबत मूठ घट्ट आवळलेला एक्स-रे मागा. आमच्या ओळखीच्या एका रेडिओग्राफरकडे यासाठी टेबलावर दोन पेन्सिली कायम ठेवलेल्या असतात. रुग्णाने दोन्ही हातात एकेक पेन्सिल करकचून धरायची आणि दोन्ही मनगटे एकाच फिल्मवर घ्यायची. दुखऱ्या बाजूला स्कॅफॉईड व ल्युनेटमधली फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त झाली आणि चांगल्या बाजूला ती तशी नसली, तर संशय बळावतो. बाजूच्या एक्स-रेत या दोन हाडांमधला कोन मोजतात. तो साधारण ३० ते ६० अंश असतो; ७० अंशांच्या पुढे गेला तर स्कॅफॉईड पुढे कलला आहे आणि ल्युनेट मागे वळला आहे असे समजतात. करंगळीकडे दुखत असेल तर अल्ना हाड रेडियसपेक्षा लांब आहे का, हेही समोरच्या एक्स-रेवरच कळते. ते लांब असेल तर टीएफसीसी नुसता शिवून भागत नाही, कधी अल्नाची लांबी कमी करावी लागते.

त्यानंतर एमआरआय. शक्य असेल तर तीन टेस्लाच्या मशीनवर आणि मनगटासाठीच्या खास कॉइलने काढा. तारीख घेतानाच फोनवर हे विचारता येते. काही वेळा सांध्यात औषध सोडून एमआरआय काढतात, त्यात फट अधिक स्पष्ट दिसते.

सावधान: एमआरआय "नॉर्मल" आला म्हणून लिगामेंट शाबूत आहे असे धरू नका, अर्धवट फाटलेले लिगामेंट त्यात सुटू शकते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चाळिशीनंतर टीएफसीसीत झिजेचे छिद्र कसलाही त्रास नसलेल्या मनगटातही सापडते, त्यामुळे अहवालात "टेअर" हा शब्द दिसला की ऑपरेशन ठरले असे होत नाही. मनगटाच्या आत प्रत्यक्ष डोकावून पाहणे, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, हीच आजही सर्वांत खात्रीची तपासणी मानली जाते.

पडताळणी: नुसता अहवालाचा कागद घेऊन सर्जनकडे जाऊ नका. फिल्म, सीडी किंवा मोबाइलवरची लिंक, तीही उघडते का हे घरी पाहून, सोबत न्या. वाशीत काढलेल्या एमआरआयची सीडी ठाण्यातल्या डॉक्टरांच्या संगणकावर उघडत नाही, हा अनुभव आमच्या रुग्णांना दर महिन्याला येतो.

टप्पा ४: दुखापतीची पायरी समजून घ्या

आर्थ्रोस्कोपीत सर्जन एक मिलिमीटर जाडीची आकडी हाडांच्या मधल्या फटीत घालून पाहतात आणि त्यावरून चार पायऱ्या ठरवतात. या वर्गीकरणाला गाइसलरचे नाव आहे. पहिल्या पायरीत लिगामेंट ताणलेले, लालसर असते, पण हाडे एका पातळीत असतात. दुसरीत पातळी किंचित बिघडते, फट आकडीपेक्षा लहान असते. तिसरीत आकडी फटीत जाऊन फिरते. चौथीत २.७ मिलिमीटरची दुर्बीणच एका बाजूने दुसऱ्या बाजूला आरपार जाते. "तुमची पायरी किती" याचे उत्तर मिळाले की पद्धतीविषयीचे अर्धे गोंधळ संपतात.

स्कॅफोल्युनेटची दुखापत पहिल्या पायरीवर असेल तर बहुधा ऑपरेशनच लागत नाही. प्लास्टर किंवा स्प्लिंट (काढता-घालता येणारा आधार) आणि नंतर व्यायाम. दुसऱ्या पायरीवर, दुखापत ताजी असेल तर, दुर्बिणीतून पाहत हाडे बसवून बारीक तारा, म्हणजे के-वायर, घालून काम होते. तिसरी पायरी सर्जनच्या हातावर आणि दुखापतीच्या वयावर अवलंबून असते. दुर्बिणीतून लिगामेंट पालथ्या बाजूच्या सांधा-आवरणाला शिवण्याची पद्धतही आता रुळली आहे. चौथ्या पायरीवर, विशेषतः हाडे फाकून कोन बदललेला असेल, तर चिरा देऊन लिगामेंट अँकरने (हाडात बसवलेल्या, दोरा असलेल्या बारीक खिळ्याने) हाडाला जोडणे हा परंपरेने जास्त भरवशाचा मार्ग आहे. स्कॅफोल्युनेट लिगामेंटचा सर्वांत मजबूत भाग पालथ्या बाजूलाच असल्याने त्या बाजूने उघडून काम करणे सोयीचेही पडते.

जुन्या दुखापतीत लिगामेंट शिवण्याजोगे उरलेले नसते. हाडे अजून हाताने जागेवर बसत असतील आणि कूर्चा चांगला असेल, तर मनगट वाकवणाऱ्या कंडरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) एक पट्टी काढून ती हाडांतून ओवून नवे बंधन तयार करतात. हे मुख्यतः उघडे ऑपरेशन आहे. हाडे बसतच नसतील आणि कूर्चा झिजला असेल, तर लिगामेंटची गोष्ट संपलेली असते आणि काही हाडे काढणे किंवा काही हाडे एकमेकांना जोडून टाकणे असे पर्याय उरतात. अशा मनगटात आधी दुर्बीण घालून कूर्चा पाहिला तर चुकीचे मोठे ऑपरेशन टळते.

टीएफसीसीचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा नसतो, तिथले फाटलेले तुकडे दुर्बिणीतून साफ करतात आणि त्यासाठी चिरा देण्याचे कारण सहसा नसते. कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली फाट शिवली तर भरते. तो अल्नाच्या खळग्यातून उपटला गेला असेल आणि रेडियस-अल्नाचा सांधा सैल झाला असेल, तर त्याला हाडाशी पुन्हा बांधावे लागते. हे दुर्बिणीतून किंवा उघडून, दोन्ही प्रकारे केले जाते आणि आजवरच्या तुलनांमध्ये एक प्रकार दुसऱ्यापेक्षा ठामपणे सरस ठरलेला नाही. इथे सर्जनला कोणती पद्धत जास्त सवयीची आहे, याला मी तरी जास्त वजन देईन.

टप्पा ५: दोन्ही पद्धतींत प्रत्यक्ष काय होते ते जाणून घ्या

दोन्हीत बहुधा काखेतून किंवा मानेजवळून इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात आणि दंडाला रक्त थांबवणारा पट्टा बांधतात. आर्थ्रोस्कोपीत बोटांना जाळीच्या टोप्या घालून हात एका स्टँडला उभा टांगतात, साधारण साडेचार-पाच किलोचा ताण देतात म्हणजे सांधा फाकतो, आणि पालथ्या बाजूला काही मिलिमीटरची दोन-तीन छिद्रे करून १.९ किंवा २.७ मिलिमीटरची दुर्बीण घालतात. उघड्या ऑपरेशनमध्ये पालथ्या बाजूला काही सेंटीमीटरचा चिरा देऊन, अंगठ्याची कंडरा बाजूला सारून, सांध्याचे आवरण उघडतात. हाडे डोळ्यांसमोर येतात, हव्या त्या कोनात बसवता येतात आणि मजबूत टाके घालता येतात. पण आवरण उघडल्यामुळे तिथे व्रण होतो आणि मनगट तळव्याकडे वाकणे थोडे कमी होते. दुर्बिणीत आवरण जवळजवळ शाबूत राहते, कूर्चा मोठा करून पडद्यावर दिसतो, जखम लहान, सुरुवातीची वेदना कमी.

लहान छिद्र म्हणजे धोका नाही, हा समज मात्र सोडून द्या. त्या छिद्रांच्या अगदी शेजारून त्वचेच्या संवेदनेचे बारीक मज्जातंतू जातात, विशेषतः करंगळीच्या बाजूला, आणि ते दुखावले तर हाताच्या पालथ्या भागावर बधिरता किंवा झिणझिण्या राहतात.

दुसरा समज अधिक त्रासाचा आहे: "दुर्बिणीतून केले म्हणजे पंधरा दिवसांत कामावर." कातडी लवकर भरते हे खरे. आत शिवलेले लिगामेंट दोन्ही पद्धतींत आपल्याच गतीने जुळते आणि तारा घातल्या असतील तर त्या दोन्हीत तितकेच आठवडे ठेवाव्या लागतात. महापेच्या आयटी कंपनीतल्या एका तरुणाने तिसऱ्या आठवड्यात स्वतःच स्प्लिंट काढून लॅपटॉपची बॅग उचलली. टाक्याची जागा पाहून कुणीही म्हणाले असते की मनगट बरे आहे, पण दहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत फट पुन्हा उघडलेली होती.

टप्पा ६: सर्जन आणि रुग्णालय निवडताना विचारा

गुडघ्याची आर्थ्रोस्कोपी सगळीकडे होते. मनगटासाठी लहान सांध्याची दुर्बीण, ताणाचा स्टँड आणि हाताच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेला माणूस लागतो. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा एखादे खासगी रुग्णालय, कुठेही जा, हे तीन घटक आहेत का ते आधी विचारा. दोन्ही पद्धती हाताळणारा सर्जन मिळाला तर उत्तम, कारण ज्याला एकच येते तो बहुधा तीच सुचवतो. आणखी दोन प्रश्न थेट विचारा: "आत गेल्यावर पायरी वेगळी निघाली तर काय कराल?" आणि "तारा किंवा अँकर किती दिवस राहतील?"

पडताळणी: संमतीपत्रावर "आर्थ्रोस्कोपी, गरज पडल्यास उघडी दुरुस्ती" असे दोन्ही लिहिलेले असावे. कॅशलेस मंजुरीच्या अर्जातही तेच असू द्या. केवळ तपासणीच्या आर्थ्रोस्कोपीची मंजुरी घेऊन आत दुरुस्ती झाली तर फरकाच्या रकमेवरून घरी सोडण्याच्या दिवशी टीपीएशी (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेशी) वाद होतो. अँकर, शेव्हर ब्लेड अशा एकदाच वापरायच्या वस्तूंचा खर्च पॉलिसीत बसतो का, हेही लेखी विचारून घ्या.

टप्पा ७: ऑपरेशनच्या आधीची तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह व रक्तदाबाची औषधे यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगरेट या सगळ्यांतले निकोटिन जखम भरण्याच्या आड येते, आणि मिश्री लावणाऱ्या बायका ती सांगायला विसरतात कारण ती त्यांना व्यसन वाटत नाही. उपाशी राहण्याची नेहमीची वेळ घन अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असते. दुधाचा चहा पाण्यात मोजू नका, तो अन्नातच धरतात. नखांचे रंग काढा, त्या हाताला मेंदी लावू नका.

घरची तयारी याहून जास्त विसरली जाते. एका हाताने घालता येतील असे पुढून उघडणारे शर्ट, आंघोळीसाठी हाताला बांधायची जाड प्लास्टिकची पिशवी, आणि घराजवळची हाताची फिजिओथेरपी. ऑपरेशन परळला आणि घर घणसोलीला असेल, तर आठवड्यातून दोनदा लोकलने हात सांभाळत परळला जाण्याचा बेत तिसऱ्या आठवड्यात मोडतो. ऑपरेशनआधीच थेरपिस्टला एकदा भेटा, म्हणजे स्प्लिंटचे मापही वेळेत होते.

टप्पा ८: ऑपरेशननंतरचे आठवडे

पहिल्या दिवसापासून बोटे पूर्ण उघडा आणि पूर्ण मूठ करा, अंगठा करंगळीच्या टोकाला लावा, खांदा आणि कोपर हलवा. प्लास्टर मनगटाला आहे, बोटांना नाही. हे न केल्यामुळे आखडलेली बोटे सोडवण्यात जितका वेळ जातो तितका मनगटातही जात नाही.

स्कॅफोल्युनेटची दुरुस्ती झाली असेल तर तारा साधारण आठ ते दहा आठवडे राहतात. ठाण्याच्या पावसाळ्यात ओले प्लास्टर आणि तारेच्या तोंडाशी साचलेला ओलावा ही संसर्गाची हमखास वाट आहे. प्लास्टर भिजले तर पंख्याखाली वाळवत बसू नका, त्याच दिवशी बदलून घ्या. तारा निघाल्यावर पहिली हालचाल सरळ वर-खाली नसते, ती हातोडी मारताना होते तशी तिरकी असते: मनगट अंगठ्याच्या बाजूने मागे आणि करंगळीच्या बाजूने पुढे. या रेषेत स्कॅफॉईड व ल्युनेट एकमेकांच्या तुलनेत फार कमी हलतात, म्हणून नव्या शिवणीवर ताण येत नाही. रबरी चेंडू आवळण्याची घाई इथेच नडते, कारण घट्ट मुठीने नेमकी तीच दोन हाडे फाकतात. जोराची पकड साधारण तीन महिन्यांनंतर.

टीएफसीसीची फक्त सफाई झाली असेल तर एक-दोन आठवड्यांत हालचाल सुरू होते. तो शिवला असेल तर चार ते सहा आठवडे तळहात वर-खाली फिरवणे बंद, त्यासाठी कोपराच्या वरपर्यंत स्प्लिंट लागतो. किल्ली फिरवणे, स्क्रू-ड्रायव्हर, कपडे पिळणे ही कामे तिसऱ्या महिन्यापर्यंत दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाने करायची.

सावधान: तारेभोवती पू किंवा लाली, ताप, बोटांची वाढती बधिरता, किंवा जखमेच्या मानाने खूपच जास्त जळजळ, चकचकीत सुजलेली कातडी आणि हाताला सुटणारा विचित्र घाम दिसला, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. शेवटचा प्रकार लवकर ओळखला तरच आटोक्यात राहतो.

प्लास्टर असेपर्यंत दुचाकी नाही. ते निघाल्यावरही रिकाम्या रस्त्यावर दहा वेळा अचानक ब्रेक व क्लच दाबून दुखत नाही हे पाहिल्याशिवाय घोडबंदर किंवा पाम बीच रोडवर जाऊ नका. जोर-बैठका, कबड्डी, दहीहंडीचे थर हे साधारण सहा महिन्यांनंतर आणि तेही पकड मोजण्याच्या यंत्रावर दोन्ही हातांचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहिल्यावर. कंडरेची पट्टी घालून पुनर्रचना झालेल्या मनगटाचे तळव्याकडे वाकणे दुसऱ्या हाताइतके होणार नाही. ते ऑपरेशनआधीच सर्जनकडून अंशांत विचारून घ्या आणि थेरपिस्टच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.